‘स्वदेस’च्या पडद्यामागचं बिलगाव

‘स्वदेस’मधला तो प्रसंग ज्यांनी पाहिला, ते तो विसरलेले नाहीत. चित्रपटातल्या चरणपूर गावात स्वतःच्या विजेवर पहिल्यांदा बल्ब पेटतो आणि तो उजेड एका म्हातारीच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर पडतो. १७ डिसेंबर २००४ ला हा चित्रपट लागला, तेव्हा तिकीटबारीवर त्याला यश मिळालं नाही. पुढे टीव्हीवर मात्र तो घराघरांत पोहोचला. आज परदेशातली नोकरी सोडून कुणी इंजिनिअर गावाकडे परतला की लोक सहज म्हणून जातात, ‘अगदी स्वदेससारखं झालं!’

चित्रपटातल्या गावाचं चित्रीकरण वाईजवळच्या मेणवलीत झालं. कृष्णाकाठ, नाना फडणवीसांचा वाडा आणि देखणा घाट हे सगळं पडद्यावर इतकं ठसलं की मेणवलीला आजही लोक ‘स्वदेसचं गाव’ म्हणून बघायला जातात. पण त्या बल्बमधल्या उजेडाचं एक मूळ मेणवलीपासून खूप दूर आहे. ते आमच्या नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या पोटात, अक्राणी म्हणजे धडगाव तालुक्यातल्या बिलगावात आहे. नर्मदेला मिळणाऱ्या उदई नदीच्या काठचं हे आदिवासी गाव. ‘स्वदेस’च्या तयारीच्या काळात दिग्दर्शक आशुतोष गोवारीकर तिथे येऊन गेले होते.

मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला माणूस. वायर, मोटारी, बॅटऱ्या यांच्यातच माझं आयुष्य गेलं. त्यामुळे हा चित्रपट पाहताना माझं लक्ष नायकाइतकंच त्याने गावात उभारलेल्या टर्बाइनकडे असतं. बिलगावची गोष्ट जसजशी समजत गेली, तसतसं एक मनाशी पक्कं झालं. चित्रपटाच्या गरजेपोटी एका माणसाच्या खांद्यावर जे ठेवलं गेलं, ते मुळात पुष्कळांनी मिळून पेललेलं होतं. आणि त्या पुष्कळांमध्ये सगळ्यात मोठा वाटा गावाचा होता. पडद्यामागचे हे किस्से सांगायचे ते त्याचसाठी.

मोहन भार्गव कुठून आला?

नायकाचं मोहन हे नाव गोवारीकरांकडे ‘स्वदेस’च्या बरंच आधीपासून होतं. नव्वदच्या दशकात झी टीव्हीवर ‘यूल लव्ह स्टोरीज’ नावाची मालिका लागायची. तिच्यात परदेशातून परतलेल्या मोहनची ‘वापसी’ ही कथा होती आणि मोहनचं काम खुद्द गोवारीकरांनी केलं होतं. तेव्हा ते अभिनेते म्हणूनच जास्त ओळखीचे होते. ‘लगान’नंतर दिग्दर्शक म्हणून त्यांचं नाव झालं आणि हा मोहन पुन्हा त्यांच्यापुढे येऊन उभा राहिला.

पण परत आलेला माणूस गावात नेमकं करतो काय? याचं उत्तर शोधताना दोन गोष्टी उपयोगी पडल्या. एक म्हणजे रजनी बक्षी यांचं १९९८ मधलं ‘बापू कुटी’ हे पुस्तक. चांगल्या चाललेल्या वाटा सोडून गांधींच्या विचाराकडे वळलेल्या आपल्याच काळातल्या माणसांच्या गोष्टी त्यात आहेत. दुसरी गोष्ट म्हणजे रवी कुचिमंची आणि अरविंदा पिल्ललमर्री हे दांपत्य. अमेरिकेतून येऊन ही दोघं नर्मदेच्या खोऱ्यातल्या माणसांबरोबर काम करत होती. विजेच्या तारा न पोहोचलेल्या पाड्यांवरच्या शाळांत पायडल मारून वीज तयार करण्याचं यंत्र त्यांनी बसवलं होतं. गोवारीकरांनी त्यांच्याबरोबर पुष्कळ वेळ काढला आणि बिलगावही पाहिलं.

पडद्यावरचा मोहन ‘नासा’मध्ये पाऊस मोजणाऱ्या उपग्रहाच्या प्रकल्पाचा प्रमुख आहे. हा प्रकल्प लेखकाच्या कल्पनेतला नाही. ‘ग्लोबल प्रेसिपिटेशन मेजरमेंट’ याच नावाची अमेरिका आणि जपान यांची खरी मोहीम तेव्हा आखली जात होती आणि तिचा मुख्य उपग्रह २७ फेब्रुवारी २०१४ रोजी, म्हणजे चित्रपटानंतर नऊ वर्षांहून अधिक काळाने अवकाशात गेला. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून रडार आणि सूक्ष्मलहरी मोजणारं यंत्र यांच्या साहाय्याने तो जगभरचा पाऊस मोजतो. गोवारीकरांनी या प्रसंगांचं चित्रीकरण फ्लोरिडातल्या केनेडी अवकाश केंद्रातच केलं. कॅमेरा महेश अणे यांचा होता आणि ‘स्वदेस’साठी त्यांना छायाचित्रणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आकाशातून पाऊस मोजणारा माणूस शेवटी गावच्या टेकडीवरच्या झऱ्याचं पाणी मोजायला बसतो, ही त्या पटकथेतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट आहे. दोन्हीकडे मूळ प्रश्न एकच आहे: पाणी किती आहे आणि ते कुठे पडतं?

आरशातल्या सृष्टीचा अभ्यासक

खऱ्या रवी कुचिमंचींची वाट मोहनच्या वाटेहून वेगळी आहे. मुंबईच्या आयआयटीतून स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतल्यावर ते अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात गेले आणि तिथे कणभौतिकीत पीएच.डी. झाले. निसर्गाचे नियम आणि त्यांचं आरशातलं प्रतिबिंब यांच्यात फरक का पडतो, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. मार्गदर्शक रवींद्र महापात्र यांच्याबरोबर त्यांनी १९९३ मध्ये याच विषयावर लिहिलेला निबंध आजही अभ्यासक वाचतात.

त्याच विद्यापीठात असताना, १९९१ मध्ये, त्यांनी ‘असोसिएशन फॉर इंडियाज डेव्हलपमेंट’ ही संस्था सुरू केली. तिचं ‘एड’ हे छोटं नाव जास्त ओळखीचं आहे. परदेशात शिकणाऱ्या भारतीय मुलांनी सुट्टीच्या दिवशी एकत्र बसायचं, भारतातल्या कुठल्या कामाला हातभार लावता येईल ते ठरवायचं आणि पैसे गोळा करायचे, अशी तिची सुरुवात. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला ते स्वतःच भारतात परतले.

इथे चित्रपट आणि वास्तव यांच्यातला पहिला मोठा फरक दिसतो. चित्रपटात मोहन लहानपणी त्याला सांभाळणाऱ्या कावेरी अम्माला न्यायला येतो आणि गावात गुंततो. रवी आणि अरविंदा ज्या खोऱ्यात आले, ते नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या पाण्याखाली जाण्याची टांगती तलवार असलेलं खोरं होतं. महाराष्ट्रातली ३३ गावं या धरणाने बाधित झाली आणि ती सगळी आजच्या नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांत आहेत. घर राहील की नाही याचाच भरवसा नसलेल्या माणसांनी घरात दिवा लावायचं मनावर घेतलं, यात बिलगावच्या कामाचं मोठेपण आहे.

पायातली वीज

पायडलच्या यंत्राची गंमत ते चालवल्याशिवाय कळत नाही. शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांसाठी असं यंत्र मी जुळवून देतो. सायकलचं मागचं चाक स्टँडवर उचलून धरायचं, त्यावरून पट्टा घेऊन तो डायनॅमोला जोडायचा, त्यातून येणारा करंट बारा व्होल्टच्या बॅटरीत भरायचा आणि बॅटरीवर दिवे लावायचे. एवढीच त्याची रचना. मात्र बॅटरी आणि डायनॅमो यांच्यामध्ये एक डायोड हवाच. तो नसला की पायडल थांबवल्याबरोबर बॅटरीतली वीज उलटी फिरते, डायनॅमो मोटारीसारखा चालू लागतो आणि भरलेली बॅटरी रिकामी होते.

खरी मजा बॅटरी काढून थेट दिवा जोडल्यावर येते. पायडल मारणारा मुलगा आधी आरामात असतो, कारण चाक मोकळं फिरत असतं. मग दुसरा मुलगा बटण दाबतो. बल्ब पेटतो आणि त्याच क्षणी पायडल जड होतं. दुसरा बल्ब लावला की आणखी जड. सायकलवरचा मुलगा ओरडतो, ‘अरे, बंद कर, बंद कर!’ त्याला त्या क्षणी जे कळतं ते वर्षभर फळ्यावर शिकवून कळत नाही. वीज फुकट येत नसते आणि वापरली तेवढी कुठून तरी द्यावी लागते, हे त्याला त्याच्या पायांनी सांगितलेलं असतं. धडधाकट माणूस सलग पायडल मारत राहिला तर साधारण ७५ ते १०० वॅट देऊ शकतो. जुन्या पद्धतीचा ६० वॅटचा एक बल्ब त्यातला बराचसा भाग एकटाच खातो. तेवढ्याच ताकदीवर ५ वॅटचे एलईडी दिवे लावले तर आख्खी शाळा उजळते.

म्हणूनच शाळेत हे यंत्र बसवणं मला फार मोलाचं वाटतं. तिथे दिवाही लागतो आणि धडाही शिकवला जातो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून, सरदार सरोवराविरुद्ध लढणाऱ्या नर्मदा बचाव आंदोलनाने या खोऱ्यात ‘जीवनशाळा’ उभ्या केल्या. मुलांनी आपल्या भाषेत शिकायला सुरुवात करावी, आपला डोंगर आणि आपली नदी ओळखून मग बाहेरचं जग ओळखावं, हा त्यांचा आग्रह. अशा शिक्षणात हे यंत्र आपसूक बसतं.

डोमखेडीचे ३०० वॅट

पायडलने शाळेचा दिवा लागतो, पण गाव उजळायचं तर माणसाच्या पायांची ताकद पुरत नाही. सातपुड्यात मात्र दुसरी एक ताकद रात्रंदिवस वाहत असते. ती ओळखली केरळमधून आलेल्या अनिलकुमार आणि मधुसूदनन या दोन तरुण अभियंत्यांनी. ‘पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी’ या त्यांच्या गटाचा विचार सरळ होता. ऊर्जेचं शास्त्र गावकऱ्यांबरोबर बसून शिकायचं, गावातल्याच साधनांतून वीज उभी करायची आणि ती चालवण्याची किल्ली गावाच्या हाती द्यायची.

२००० साली त्यांनी नर्मदाकाठच्या डोमखेडीत ओढ्याच्या पाण्यावर छोटं जनित्र बसवलं. ताकद फक्त ३०० वॅट. शहरातल्या एका मिक्सरला लागते त्याहून कमी. पण डोमखेडी हे त्या काळात सत्याग्रहाचं ठिकाण होतं. पावसाळ्यात धरणाचं पाणी चढायचं आणि लोक घर न सोडता त्या पाण्यात उभे राहायचे. देशभरचे पत्रकार तिथे येत होते. विकास म्हणजे काय, असा प्रश्न तिथली माणसं विचारत होती आणि त्याच काठावर उत्तर म्हणून बल्ब पेटला. त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने सरदार सरोवराचं काम पुढे नेण्यास परवानगी दिली. डोमखेडीचं हे छोटं वीजघर पुढे पाण्याखाली गेलं.

दुसरा एखादा गट इथे थांबला असता. हे थांबले नाहीत. डोमखेडीत जे शिकायला मिळालं ते घेऊन ते उदईच्या काठी, बिलगावात आले.

१५ किलोवॅट म्हणजे किती?

बिलगावजवळ पाणी कड्यावरून खाली झेपावतं. पर्यटकाला तिथे धबधबा दिसतो. अभियंत्याला दोन आकडे दिसतात: पाणी किती उंचीवरून पडतं आणि सेकंदाला किती लिटर पडतं. जलविद्युतेचं सगळं गणित या दोन आकड्यांच्या गुणाकारात आहे. समजा, १० मीटर उंचीवरून सेकंदाला २५० लिटर पाणी खाली आलं, तर त्यात साधारण साडेचोवीस किलोवॅट ताकद असते. पाइपातलं घर्षण, टर्बाइन आणि जनित्र यांत थोडी थोडी गळती होते. साठ टक्के हाती लागली तरी जवळपास १५ किलोवॅट वीज मिळते.

बिलगावचं केंद्र १५ किलोवॅटचंच होतं. जानेवारी २००३ मध्ये ते सुरू झालं. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर १५ किलोवॅट म्हणजे २० अश्वशक्ती. आपल्याकडे विहिरीवर बसवतात त्या पाच एचपीच्या चार मोटारी. ६० वॅटचे बल्ब धरले तर एका वेळी २५० बल्ब. वीज महामंडळाच्या हिशेबात हा आकडा कुठे दिसणारही नाही. पण अंधार पडला की चिमणीच्या धुरात बसणाऱ्या पाड्यांना तो पुरेसा होता.

अशा केंद्राची रचना ठरलेली असते. वरच्या अंगाला नदीत छोटा बांध घालायचा. तो पाणी साठवण्यासाठी नसतो, थोडंसं पाणी वळवण्यापुरता असतो. तिथून डोंगराच्या कडेने चर काढून पाणी एका टाकीपर्यंत न्यायचं. टाकीत गाळ खाली बसतो, पालापाचोळा जाळीवर अडतो आणि स्वच्छ पाणी जाड पाइपातून उतारावर सोडलं जातं. खाली यंत्रघरात ते टर्बाइनच्या पात्यांवर आदळतं, टर्बाइन जनित्राला फिरवतं आणि काम झालेलं पाणी पुन्हा नदीला मिळतं. पाणी संपत नाही, कुणाचं शेत बुडत नाही, कुणाला घर सोडावं लागत नाही.

आता यातलं अवघड काम कोणतं? वाचकाला वाटेल टर्बाइन. पण डोंगरात सगळ्यात अवघड असतो तो चर. त्याला उतार हवा, पण अगदी बेताचा. जास्त दिला तर पाणी माती खरवडून नेतं आणि खाली पडायची मोलाची उंचीही वाया जाते. कमी दिला तर गाळ साचून चर तुंबतो. ही नजर कॉलेजात मिळत नाही. नर्मदेच्या खोऱ्यातल्या आदिवासी शेतकऱ्यांकडे ती पिढ्यान्‌पिढ्या आहे. ओढ्याचं पाणी डोंगराच्या कडेकडेने पाट काढून लांबच्या शेतापर्यंत आणण्याची विद्या त्यांना अवगत आहे. बिलगावच्या लोकांनी केंद्रासाठी श्रमदान केलं, हे सगळीकडे लिहिलं जातं. मला त्यात भर घालावीशी वाटते. असं काम करणारी माणसं अंगमेहनतीबरोबर आपलं शास्त्रही देत असतात.

पडद्यावर न दिसणारा खोका

‘स्वदेस’मध्ये ऐन वेळी पाणी अडतं आणि दिवे जातात. मोहन स्वतः पाण्यात उतरून अडथळा काढतो आणि मग उजेड परत येतो. माझ्यासारख्या माणसाला तो प्रसंग फार पटतो, कारण छोट्या जलविद्युत केंद्रात निम्मी डोकेदुखी पालापाचोळ्याची असते. पहिल्या पावसाचं पाणी डोंगरातली वर्षभराची पानं, काटक्या आणि माती घेऊन उतरतं. त्या दिवसांत जाळी साफ करायला कुणी वर गेलं नाही तर सगळा गाव अंधारात जातो.

पण दुसरी डोकेदुखी पडद्यावर दाखवता येत नाही. संध्याकाळी सात वाजता सगळ्या घरांत दिवे चालू असतात. दहा वाजता माणसं झोपायला जातात आणि एकेक दिवा बंद होतो. वर पाणी मात्र तेवढंच येत असतं. आता ही ताकद जाणार कुठे? पायडल मारणाऱ्या मुलाचं जे झालं त्याच्या नेमकं उलट इथे होतं. ओझं कमी झाल्यामुळे टर्बाइन मोकळी सुटते, जनित्राचा वेग वाढतो आणि व्होल्टेज चढतं. जे दोन-चार दिवे चालू असतात ते आधी डोळे दिपवतील असे लख्ख पेटतात आणि मग पटापट उडतात.

मोठ्या वीजकेंद्रांत वेग वाढला की पाण्याची झडप आपोआप आवळणारी अवजड यंत्रणा असते. छोट्या गावाला ती परवडत नाही. यावर इलेक्ट्रॉनिक्सने जे उत्तर शोधलं, ते या विषयातल्या सगळ्यात सुंदर शोधांपैकी एक आहे असं मी मानतो. त्याचं नाव लोड कंट्रोलर. पाण्याला हात लावायचा नाही, टर्बाइनला पूर्ण ताकदीने फिरू द्यायचं, आणि गावाने न वापरलेली वीज डोळ्याचं पातं लवण्याआधी दुसरीकडे वळवायची. बहुतेक वेळा ती पाण्यात बुडवलेल्या हीटरच्या कॉइलमध्ये जाते. गावात एक बल्ब बंद झाला की कॉइलमध्ये तेवढीच वीज वाढते. गावात दिवा लागला की तेवढी कमी होते. जनित्राला कायम सारखंच ओझं वाटतं, वेग स्थिर राहतो, वारंवारता ५० हर्ट्झच्या आसपास टिकते. वर गरम पाणी मिळतं ते वेगळंच. नेपाळच्या डोंगरातली शेकडो छोटी केंद्रं अशा खोक्याच्या भरवशावर चालली आहेत. आपल्याकडे रुरकीच्या आयआयटीमध्ये लहान जलविद्युतेवर काम करणारं स्वतंत्र केंद्र १९८२ मध्ये सुरू झालं.

हा खोका हलणारे भाग नसलेला, कोपऱ्यात शांतपणे बसणारा असतो. त्याचा फोटो कुणी काढत नाही. पण त्याच्याइतकीच, अशा छोट्या केंद्रामुळे गावात येणारी शिस्त मला महत्त्वाची वाटते. ताकद मर्यादित असली की गावाला एकत्र बसून ठरवावं लागतं: प्रत्येक घराला किती दिवे, पिठाची चक्की केव्हा चालवायची, बिघाड झाला तर खर्च कुणी द्यायचा, जाळी साफ करायची पाळी कुणाची. एखाद्याने गुपचूप शेगडी जोडली तर शेजारच्या दहा घरांचे दिवे डिम होतात आणि चोरी तिथल्या तिथे कळते. महामंडळाच्या लाईनवर असं होत नाही. तिथे डीपी जळाली की आपण सगळे मिळून वायरमनची वाट बघतो. बिलगावसारख्या ठिकाणी वायरमन, ग्राहक आणि मालक एकच असतात.

२००६ चा पावसाळा

चित्रपट ज्या वळणावर संपतो, त्याच्या पुढची बिलगावची गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख पूर्ण होणार नाही. ‘स्वदेस’ लागला त्याच वर्षी, २००४ मध्ये, सरदार सरोवराच्या भिंतीची उंची ११०.६४ मीटरपर्यंत नेण्यात आली. २००६ मध्ये ती १२१.९२ मीटरपर्यंत वाढवण्याचं काम सुरू झालं. नर्मदेचं पाणी तुंबलं की ते तिच्या उपनद्यांच्या मुखातून आत शिरतं. त्या पावसाळ्यात ते उदईतून वर चढलं आणि बिलगावचं वीजघर पाण्याखाली गेलं. सुरू होऊन त्याला चार वर्षंही झाली नव्हती.

सरदार सरोवराची वीजनिर्मितीची क्षमता १४५० मेगावॅट आहे आणि त्यातला २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा आहे. म्हणजे एका बाजूला बिलगावच्या केंद्राच्या सुमारे ९७ हजार पट मोठा प्रकल्प आणि दुसऱ्या बाजूला पाड्यांवरचे काही बल्ब. देशाच्या हिशेबात पहिला आकडा जड ठरला. धरण हवं की नको, या वादात दोन्ही बाजूंनी खूप लिहिलं गेलं आहे. मला एवढंच मनापासून सांगायचं आहे की देशाला वीज हवी म्हणून ज्यांनी सगळ्यात जास्त सोसलं, त्यांनी स्वतःच्या हाताने, कुणालाही न उठवता केलेली वीज त्याच पाण्यात गेली. याची नोंद ठळक अक्षरांत व्हायला हवी होती. ‘स्वदेस’ पाहून डोळे पुसणाऱ्या महाराष्ट्राने निदान हे गाव आपलं म्हणून ओळखायला हवं होतं.

तरीही मी बिलगावला अयशस्वी प्रयोग म्हणणार नाही. यंत्र बुडालं, पण बांध कुठे घालायचा, चर कसा काढायचा, जाळी केव्हा साफ करायची हे शिकलेली माणसं बुडत नाहीत. शोध लावणाऱ्याच्या कामाचं मोजमाप त्याचं यंत्र किती वर्षं टिकलं यावर केलं जातं. माझ्या मते, तो माणूस निघून गेल्यावर यंत्र किती जणांना समजलेलं असतं, यावर ते मोजमाप करावं. अनिलकुमार, मधुसूदनन, रवी, अरविंदा यांनी आपली विद्या गावाच्या हाती दिली आणि गावाची विद्या स्वतः घेतली. पडद्यावरच्या मोहनला हे सगळं तीन-सव्वातीन तासांत उरकावं लागतं. प्रत्यक्षात याला वर्षं लागतात, बैठका लागतात, भांडणं आणि समजूत दोन्ही लागतात.

आता पुढचा किस्सा कुणाचा?

१ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा होऊन नंदुरबार जिल्हा झाला. तेव्हापासून आमच्याविषयी बाहेर जे बोललं जातं, त्यात ‘मागास’ हा शब्द पहिला असतो. २९ सप्टेंबर २०१० ला देशातलं पहिलं आधार आमच्या टेंभली गावात दिलं गेलं, तेव्हा बाहेरचं तंत्रज्ञान नंदुरबारला आलं म्हणून कौतुक झालं. पण त्याच्या सात वर्षं आधी नंदुरबारच्या एका पाड्यानं तंत्रज्ञान उभं करून दाखवलं होतं आणि त्यावरून हिंदी चित्रपटाला गोष्ट मिळाली होती, हे आमच्या मुलांना कुणी सांगितलेलं नाही.

सांगण्यासारखं आणि करण्यासारखं खूप आहे. सातपुड्याच्या उत्तर उतारावरचे ओढे पावसाळ्यात आणि त्यानंतरचे काही महिने भरून वाहतात. उरलेल्या महिन्यांत वर कडक ऊन असतं. ओढ्यावरचं छोटं जनित्र आणि सौर पॅनेल या जोडीने वर्षाचे बाराही महिने भरून काढता येतात. दिवे आता एलईडीचे आहेत. ज्या १५ किलोवॅटवर २००३ साली ६० वॅटचे २५० बल्ब लागले असते, त्याच ताकदीवर आज ५ वॅटचे ३००० दिवे लागतात. लोड कंट्रोलरला तेव्हा लागायचे त्यापेक्षा किती तरी स्वस्त आणि चांगले भाग आज बाजारात मिळतात. जिल्ह्यातल्या आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या मुलांनी शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून असा एक खोका बनवावा, तो डोंगरातल्या एखाद्या ओढ्यावर नेऊन जोडावा, आणि पाट काढायचा कसा हे तिथल्या शेतकऱ्याकडून शिकून यावं. परीक्षेचे गुण शेतकऱ्यानेच द्यावेत.

मुलं मला विचारतात की ‘स्वदेस’मधल्यासारखं काही करायचं तर नासात जावं लागेल का? मी त्यांना आधी धडगावची एसटी पकडायला सांगतो. नासाचा उपग्रह आता रोज पाऊस मोजतो आहे आणि ती माहिती कुणालाही फुकट बघता येते. तो पाऊस उदईत उतरल्यावर त्याचं काय करायचं, हे मात्र इथल्याच माणसांनी ठरवायचं आहे. ते कसं ठरवायचं, हे बिलगावनं २००३ मध्येच दाखवून दिलं आहे.